सात मिनिटांचा केसपेपर

माणसांना मान देण्यापलीकडे माझ्या हातून कुठलाही गुन्हा झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. १९९५ साली साताऱ्याच्या वेण्णामाई धर्मादाय दवाखान्यात जो प्रकार झाला, त्याची आमच्या गल्लीत अजून तीन निरनिराळी वर्णनं सांगितली जातात आणि तिन्हींत मीच मूर्ख ठरतो. हे चौथं वर्णन माझं आहे. ते सांगायला दुसरं कोणी तयार नाही, म्हणून मीच सांगतो.

मी, प्रबुद्ध रणपिसे, त्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायचो. जुना पेशंट आला की नाव विचारायचं, जाडजूड रजिस्टरांतून त्याचा नंबर शोधायचा आणि तो नंबर जोतिबा शिपायाला सांगायचा. जोतिबा तळघरातून कागद काढून आणायचा आणि पाळी आली की डॉक्टरांच्या दारात उभा राहून नाव पुकारायचा. कागदावर जे असेल तेच तो वाचायचा, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. पूर्वीच्या कारकुनांनी घाईत ‘बाळ्या’ लिहिलं असेल, तर सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही तो भर व्हरांड्यात बाळ्याच म्हणायचा.

अशात आमचे अध्यक्ष हंबीरराव एका लग्नाला सांगलीला गेले, तिथे व्याह्यांच्या कचेरीत त्यांनी संगणक पाहिला आणि परत येताना दवाखान्यासाठी तसाच एक ठरवूनच आले. तो कशासाठी हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. अख्ख्या दवाखान्यात संध्याकाळचा सहा महिन्यांचा फॉक्सप्रोचा, म्हणजे संगणकात याद्या ठेवायचा, कोर्स केलेला माणूस मी एकटा. त्यामुळे ते यंत्र माझ्या गळ्यात पडलं, आणि खोटं कशाला बोलू, गळा मीच पुढे केला होता.

यंत्राला स्वतंत्र खोली मिळाली, पडदा मिळाला, दारात चपला काढायचा नियम झाला. हंबीररावांनी नारळ फोडून यंत्राला झेंडूचा हार घातला. त्याच्या पाकळ्या पाठीमागच्या पंख्यात गेल्या आणि पहिल्याच दिवशी आतून भाजीसारखा वास येऊ लागला. एवढं सोडलं तर मुहूर्त चांगला होता.

मग मी बावीस हजार नावं भरायला बसलो. तेव्हाच लोणंदहून आण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्र बघायला आले. आण्णा रेल्वेत गँगमन होते. एकतीस वर्षं त्यांनी रूळ ठोकले आणि एकतीस वर्षं मस्टरवर त्यांचं नाव नुसतं ‘सख्या भागू’ असं होतं. छप्पन सालानंतर आमच्या घरातलं पुष्कळ काही बदललं, पण मस्टर बदललं नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या कागदावर पहिल्यांदा ‘श्री. सखाराम भागूजी रणपिसे’ असं टाइप केलेलं आलं. तो कागद आण्णांनी काच घालून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला आहे.

तर आण्णा यंत्रापुढे अनवाणी बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी एकच विचारलं.

"ह्यात नाव नुसतं लिवतोस का श्री लावून?"

मी म्हणालो, यंत्राला नुसतं नाव पुरतं.

"यंत्राला पुरंल रं. पर पयलं श्री घाल. दवाखान्यात आलेला मानूस आदीच वाकलेला आसतो. कागदावर तरी ताठ हुबा राहू दे."

मी प्रत्येक नावाच्या आधी मान घालायला सुरुवात केली. पुरुषांना श्री., बायकांना सौ. किंवा श्रीमती, पोरींना कु. आमच्या जिल्ह्यात घराआड फौजी, त्यांना श्री. घालून वर सुभेदार, हवालदार, नाईक असं जे असेल ते. एकाला ‘ह.भ.प.’ पाहिजे होतं, तेही दिलं. मी स्वतःच्या नावाला कधी श्री लावत नाही आणि वडिलांच्याही लावत नाही, घरच्या माणसांचा गौरव आपणच काय करायचा असं मला वाटतं. पण जगाच्या बाबतीत मी हात आखडता घेतला नाही.

पहिल्या दोनशे नावांपर्यंत यंत्र विजेसारखं चाललं. मी घरी येऊन आम्रपालीला, म्हणजे बायकोला, सांगितलं की आता नाव उच्चारायच्या आत नंबर येणार. तिने हे पाण्याच्या नळावर सांगितलं आणि नळावरून ते सगळ्या गल्लीत गेलं. हंबीररावांनी तर पत्रक छापून वाटलं, त्यात माझं नाव होतं. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

बावीस हजार नावं भरून झाली आणि खिडकी उघडली. रांगेत पहिले होते निवृत्त सुभेदार नाथाजी. मी नाव टाइप केलं, कळ दाबली आणि हसून त्यांच्याकडे पाहिलं. तेही हसले. थोड्या वेळाने आम्ही दोघांनीही हसणं थांबवलं. नाथाजींनी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. त्यांचा नंबर आला तेव्हा सात मिनिटं आणि बारा सेकंद झाले होते. सियाचीनला याच्याहून लवकर रसद यायची, असं ते रांगेकडे तोंड करून म्हणाले.

त्या दिवशी दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. रजिस्टरातून मी एक नाव तीन मिनिटांत काढायचो, म्हणजे विज्ञानाने मला चार मिनिटं मागे नेलं होतं. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. बायकांचे नंबर मिनिट-दीड मिनिटात यायचे आणि पुरुषांचे मात्र सात मिनिटांखाली यायला तयार नसायचे. पाटणहून येणाऱ्या शालूबाईंनी याचा अर्थही लावला. बाईमाणसाला घरी कामं असतात हे मशीनला कळतं, फक्त खिडकीवरच्या माणसाला कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मग पुरुष आपल्या बायकोचं नाव सांगायला लागले. एका गृहस्थांनी गुडघेदुखीसाठी असा बायकोचा केसपेपर काढला आणि आत डॉक्टरांनी मान वर न करता त्यांना सातवा महिना कसा चाललाय असं विचारलं.

यानंतर सल्ले सुरू झाले. आमचे शेजारी जयराज एसटीच्या वर्कशॉपात फिटर. त्यांच्या मते इंजिन तापत होतं. रविवारी ते सायकलचा पंप घेऊन आले, झाकण उघडून त्यांनी आत हवा मारली. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या आणि पालीचं एक अंडंही निघालं. ते बघून जयराज म्हणाले, "बघा, म्या म्हटलं न्हवतं?" त्यांनी काय म्हटलं होतं ते मला आठवेना, पण मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी नंबर यायला सात मिनिटंच लागली.

नाथाजींचा सल्ला फौजी होता. अर्थिंग खराब आहे, बाहेर पाच फूट खड्डा खणा, मीठ आणि कोळसा भरा. मी खड्ड्यासाठी अर्ज केला. खड्डा खणायचा म्हणून अर्ज बांधकाम समितीकडे गेला. खड्डा विजेचा आहे म्हणून बांधकाम समितीने तो विद्युत समितीकडे धाडला. विद्युत समितीने खणण्याचं काम आपल्या कक्षेत येत नाही असं उत्तर दिलं. या दोन्ही समित्यांत तेच तीन सभासद होते आणि तीन आठवडे ते एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना, म्हणजे स्वतःलाच, पत्रं लिहीत होते. शेवटी परवानगी आली. चौथ्या फुटावर कुदळ पाण्याच्या नळाला लागली आणि दोन दिवस दवाखान्यात हात धुवायला पाणी नव्हतं. मीठ, कोळसा आणि पाणी असं सगळंच मिळाल्यामुळे अर्थिंग म्हणे उत्तम झालं. नंबर यायला सात मिनिटं लागत राहिली.

राहिला सांगलीचा मार्ग. यंत्र ज्यांच्याकडून घेतलं त्या दुकानात कृष्णात नावाचे मेकॅनिक होते. ते साताऱ्याला यायला तयार नव्हते, म्हणून यंत्र त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. आम्रपालीने ते लग्नातल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून दिलं आणि मी ते मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरने चादरीकडे बघून अर्धं तिकीट फाडलं. मी सांगितलं, हे मूल नाही. तो म्हणाला, मग सामानाचं पूर्ण लागेल. मी अर्ध्यावर समाधान मानलं. कऱ्हाडला मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी बाळाला वारं लागेल, तोंड झाका, असं सांगितलं. मी झाकलं. सांगलीपर्यंत वाद घालायची माझ्यात ताकद नव्हती.

कृष्णातांनी यंत्र उघडलं, जरा वास घेतला आणि याची मेमरी कमी हाय असं निदान केलं. एक पट्टी बसवली. परत आल्यावर नाथाजींचं घड्याळ फळीवर आलं. सहा मिनिटं बावन्न सेकंद. इतक्या लांब जाऊन वीस सेकंद आणले, असं नाथाजी रांगेला म्हणाले, आणि रांग हसली. मी खिडकीची झडप ओढून घेतली आणि आत बसून पाणी प्यायलो. पत्रकावर माझं नाव छापलं होतं, हे मला त्या वेळी फार आठवत होतं.

हंबीररावांनी बोलावलं. ते रागावले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. येत्या शनिवारी दवाखान्याचा वर्धापनदिन आहे, म्हणाले. पाव्हण्यांसमोर यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर सोमवारी ते सांगलीला परत जाईल, खिडकीवर दुसरा कोणी बसेल आणि मी जोतिबाच्या हाताखाली तळघरात कागद लावायला जाईन. तळघराचं मला काही नाही. पण आण्णा लोणंदच्या स्टेशनवर भेटेल त्याला सांगायचे, माझा पोरगा खिडकीवर बसतो, जिल्हा त्याच्यापुढं रांग लावतो. ती खिडकी जाणार होती.

वर्धापनदिनाला आण्णा आलेच. डोळ्याला धुरकट दिसत होतं, तेही दाखवायचं होतं. पांढरं धोतर, काळा कोट घालून, फेटा बांधून ते मांडवात आणून ठेवलेल्या यंत्रासमोर पहिल्या रांगेत बसले. पाव्हण्यांनी दीपप्रज्वलन केलं आणि हंबीररावांनी जाहीर केलं की आता अध्यक्षांचाच नंबर काढून दाखवला जाईल. मी ‘श्री. हंबीरराव’ असं लिहून कळ दाबली. पहिलं मिनिट हंबीरराव दवाखान्याच्या इतिहासावर बोलले. तिसऱ्या मिनिटाला इतिहास संपला. पाचव्या मिनिटाला पाव्हणे चहाबद्दल विचारायला लागले. सहा-बावन्नला नंबर आला, तेव्हा टाळ्या फक्त जोतिबाने वाजवल्या.

वेळ सावरायला म्हणून हंबीररावांनी समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट केलं आणि यांचा काढा म्हणाले. तो म्हातारा म्हणजे आण्णा. त्यांचाही इथे जुना केसपेपर होता. मी यांत्रिकपणे त्यांचं नाव लिहिलं आणि कळ दाबली. कळेवरून बोट उचलायच्या आत नंबर पडद्यावर होता.

मग मागून कोणी तरी विचारलं, हे आजोबा कोण? जयराज शेजारधर्माला जागून मोठ्याने म्हणाले की, ते रणपिसेसाहेबांचे वडील.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. हंबीरराव म्हणाले, "बापाचा नंबर डोळ्याची पापनी लवायच्या आत, आन् अध्यक्षाला सात मिंटं? आसं मशीन शिकीवलंय व्हय तुमी?" नाथाजींनी घड्याळ खिशात ठेवलं. शालूबाईंनी पदर सावरून माझ्याकडे पाठ केली, त्याचं मला सगळ्यांत वाईट वाटलं. पण माझं लक्ष आण्णांकडे होतं. ते उठून पडद्याजवळ आले होते, धुरकट डोळे बारीक करून अक्षरं लावत होते. वरच्या ओळीत ‘श्री. हंबीरराव’ होतं आणि खाली नुसतं ‘सखाराम भागूजी रणपिसे’.

आण्णांनी फेटा नीट केला आणि ते डोळे न दाखवताच बाहेर पडले.

मी त्यांच्यामागे स्टेशनपर्यंत गेलो. लोणंदकडची गाडी यायला अवकाश होता. बाकावर आम्ही दोघं बसलो. ते म्हणाले, "बावीस हजार मान्सांला श्री लावलास. माजं तेवडं ऱ्हायलं?"

मला लाज वाटली. घरचं माणूस, आपणच काय गौरव करायचा, वगैरे जे इतकी वर्षं मला सभ्यपणाचं वाटत होतं ते त्या बाकावर तोंडातून निघेना. म्हणून मी भलतंच बोललो. मी म्हणालो, "आण्णा, श्री नव्हतं म्हणून तर तुमचं नाव लगेच सापडलं."

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

कोर्समधल्या सरांनी शिकवलं होतं की, यंत्राला नावाच्या पहिल्या सहा घरांवरून क्रम लावून द्यावा, जागा वाचते. शब्दकोशात पहिल्या अक्षरांवरून पान काढतो तसं यंत्र मग नाव काढतं. मी तसंच केलं होतं. आणि ‘श्री’ दिसायला एक अक्षर असलं तरी यंत्र त्याला श, पाय मोडल्याची खूण, र आणि वेलांटी अशी चार घरं देतं; पुढचं टिंब आणि मोकळी जागा धरून बरोबर सहा घरं व्यापली जात होती. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने जिल्ह्यातल्या सगळ्या पुरुषांचं नाव एकच होतं. ते बिचारं एकेकाला थांबवून पुरतं नाव वाचायचं, वर प्रत्येकाचं गाव दुसऱ्या यादीत जाऊन बघायचं, आणि मग पुढच्याकडे जायचं. ‘सौ.’ आखूड, तिच्यानंतर नावाचं एखादं अक्षर तरी त्या सहांत यायचं, म्हणून बायका लवकर सुटत होत्या. पालीच्या अंड्याचा, मिठाचा, कोळशाचा आणि कृष्णातांच्या पट्टीचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. यंत्र अडलं होतं ते मानात.

मी हे सगळं आण्णांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मजी ज्येला मान न्हाई त्येला हाक लवकर," ते म्हणाले. "ह्ये मला ठावं हाय. मुकादम सख्या म्हनला की पळत जावं लागायचं."

मी म्हणालो, मग सगळ्यांचं श्री काढून टाकतो, दुसरा इलाज नाही. माझी खिडकी वाचेल.

आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत दहा वर्षांचा झालो. "काढून टाकायला कोन सांगतंय? आमचा सायेब रुळावर उतरला की टोपी खुटीला आडकवायचा आन् खाली वाकून बघायचा. काम झालं की डोक्यावर घालायचा. खुटीवर ऱ्हायली म्हनून टोपी काय कमी हुती का?"

गाडी आली. ते गाडीत चढले आणि मी पळत दवाखान्यात आलो.

रविवारी सकाळी आठ ते दुपारी चार मी खुंटी ठोकली. नावाच्या तक्त्यात शेजारी एक नवा रकाना केला आणि बावीस हजार माणसांचे श्री., सौ., सुभेदार, हवालदार आणि ते एक ह.भ.प. नावावरून उचलून त्या रकान्यात ठेवले. शोधताना यंत्राने नुसतं नाव बघायचं आणि जोडीच्या छपाईच्या यंत्रावर केसपेपरचा नवा कागद छापताना रकान्यातला मान उचलून नावाच्या आधी लावायचा. मग सखाराम भागूजी रणपिसे यांच्या रिकाम्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने श्री. लिहिलं. हे करायला एक क्षण लागतो. मी तेवढ्याला बराच वेळ घेतला.

सोमवारी हंबीरराव टेम्पो घेऊन यंत्र न्यायला आले तेव्हा रांग लागलेली होती. मी त्यांना पाच मिनिटं थांबायची विनंती केली. नाथाजींनी नाव सांगितलं आणि सवयीने घड्याळ काढायला लागले. घड्याळ मनगटावरून सुटायच्या आत नंबर आला होता. त्यांनी पुन्हा नाव सांगितलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्यांनी शत्रूची परीक्षा घ्यावी तसं आपल्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं. तोही आला. मग ते मागे वळले आणि त्यांनी रांगेला एक पाऊल पुढे येण्याचा हुकूम दिला. शालूबाईंच्या नंबराला पुरुषांइतकाच वेळ लागला, तेव्हा मशीनला काही कळत नाही, असं त्या म्हणाल्या. हंबीररावांनी टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि पुढच्या पत्रकात यंत्राची कल्पना पहिल्यापासून आपली होती असं छापलं. माझं नाव त्यात होतं, जरा खाली.

साडेअकराच्या सुमाराला आण्णा आले. डोळे दाखवायचे राहिले होते. त्यांनी इतरांसारखं रांगेत उभं राहून खिडकीत नाव सांगितलं, जसं काही मला ते माहीतच नव्हतं. मी लिहिलं, छपाईच्या यंत्राने कर्रकर्र करून कागद बाहेर टाकला, जोतिबा तो घेऊन गेला. पाळी आली तसा तो डॉक्टरांच्या दारात उभा राहिला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि दोनशे माणसांच्या व्हरांड्यात खणखणीत आवाजात वाचला.

"श्री. सखाराम भागूजी रणपिसे."

आण्णा बाकावरून हलले नाहीत. मला वाटलं, गर्दीत ऐकू गेलं नसेल. मी खिडकी सोडून त्यांच्याजवळ गेलो आणि वाकून म्हणालो, तुम्हाला बोलावतायत, ऐकू आलं नाही का?

"आलं की," आण्णा म्हणाले. "आनी एकदा म्हनू दे."